आंबवण शेवटच्या टप्प्यात अडकते तेव्हा: नाशिक भागातील लहान वाइनरींसाठी निदान आणि उपाय

फेब्रुवारीचा शेवट आला की दिंडोरी, निफाड, सिन्नर या पट्ट्यातील लहान वाइनरींमध्ये एकच अडचण पुन्हा पुन्हा उद्भवते. शिराझ किंवा कॅबर्ने या लाल वाणांची टाकी पहिले चार-पाच दिवस जोमाने आंबते, ब्रिक्स (रसातील साखरेचे शेकडा प्रमाण) भराभर उतरतो, आता दोन दिवसांत वाइन कोरडी (साखर संपलेली) होईल असे वाटू लागते आणि नेमका त्याच वेळी आकडा दोन-अडीचवर येऊन थबकतो. दुसऱ्या दिवशी तोच आकडा, तिसऱ्या दिवशीही तोच. मग कोणी टाकी ढवळून पाहतो, कोणी मूठभर डीएपी (डायअमोनियम फॉस्फेट हे नत्रयुक्त पोषक) टाकतो, कोणी यीस्टचे नवे पाकीट फोडून थेट टाकीत रिकामे करतो. यांपैकी एकाही उपायाने टाकी सहसा चालू होत नाही, कारण ज्या दिवशी आंबवण थांबलेली दिसते त्या दिवशी ती बिघडलेली नसते. बिघाड बहुधा पहिल्या तीन-चार दिवसांत झालेला असतो आणि शेवटी तो केवळ उघड होतो. म्हणून उपाय सुरू करण्याआधी मागे जाऊन कारण शोधणे आवश्यक असते.

टाकी खरोखर अडकली आहे का?

हा प्रश्न आधी सोडवावा, कारण निम्मा गोंधळ मोजमापातूनच होतो. काढणीच्या वेळी बागेत वापरलेला रिफ्रॅक्टोमीटर आंबवण सुरू झाल्यावर उपयोगाचा राहत नाही. अल्कोहोलमुळे प्रकाशाचे वक्रीभवन बदलते आणि तो साखर प्रत्यक्षापेक्षा जास्त दाखवतो, त्यामुळे पूर्ण कोरडी झालेली वाइनही त्यावर गोड दिसू शकते. हायड्रोमीटरची (तरंगून द्रवाची घनता दाखवणाऱ्या नळीची) चूक याच्या उलट दिशेची असते. अल्कोहोल पाण्यापेक्षा हलके असल्याने हायड्रोमीटरवर शून्य ब्रिक्स आला याचा अर्थ साखर संपली असा होत नाही. तेरा-साडेतेरा टक्के अल्कोहोल असलेली कोरडी लाल वाइन साधारणपणे उणे एक ते उणे दीडच्या आसपास येते, आणि शून्यावर थांबलेल्या वाइनमध्ये लिटरमागे दहा ते वीस ग्रॅम साखर अजून शिल्लक असू शकते. नमुन्यात विरलेला कार्बन डायऑक्साइड हायड्रोमीटरला वर उचलतो, म्हणून नमुना आधी दोन भांड्यांत उलटसुलट ओतून वायू काढून टाकावा आणि मगच वाचन घ्यावे. तापमानाची दुरुस्तीही करावी.

खात्रीसाठी शिल्लक साखरेची रासायनिक चाचणी करावी. लिटरमागे २ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर वाइन कोरडी झाली असे समजून निर्धास्त व्हावे. ती १० ग्रॅम असेल आणि तापमान योग्य असूनही सलग ४८ तास वाचन हललेले नसेल, तर टाकी अडकली आहे असे मानून त्याच दिवशी कामाला लागावे. थांबलेली टाकी वायू तयार करत नसल्याने तिच्यावरचे नैसर्गिक संरक्षण गेलेले असते, वर हवा शिरते, आणि मार्चच्या उष्णतेत ॲसिटिक व लॅक्टिक जिवाणूंना उरलेली साखर आयतीच मिळते. वाट पाहण्याची किंमत व्हिनेगरच्या वासाने मोजावी लागते.

नोंदवहीतील उतार वाचणे

प्रत्येक टाकीचा ब्रिक्स आणि तापमान दिवसातून दोन वेळा लिहिलेले असेल, तर निदानाचा मोठा भाग तिथेच होतो. अडकलेल्या टाक्यांच्या नोंदी ढोबळमानाने तीन प्रकारच्या दिसतात.

पहिल्या प्रकारात टाकी सुरूच होत नाही किंवा फार उशिरा सुरू होते. दोन दिवस उलटूनही ब्रिक्स जागचा हललेला नसतो. अशा वेळी यीस्ट भिजवताना झालेली चूक, क्रशिंगच्या वेळी जास्त पडलेले केएमएस (पोटॅशियम मेटाबायसल्फाइट), किंवा फार थंड रस यांकडे पाहावे.

दुसऱ्या प्रकारात उतार हळूहळू मंदावत जातो. समजा सकाळच्या नोंदी अशा आहेत: २४.५, २३, १८.५, १२, ६.५, ४, ३, २.६, २.४. येथे एका रात्रीत काही घडलेले नाही. सहा-साडेसहापर्यंत उत्तम चाललेली टाकी त्यानंतर दररोज आधीच्या निम्म्या वेगाने चालते आहे. हे उपासमारीचे लक्षण आहे. यीस्टची संख्या कमी वाढली किंवा त्याचे पेशीपटल अशक्त राहिले, आणि अल्कोहोल दहा टक्क्यांपलीकडे गेल्यावर यीस्ट तग धरू शकले नाही. अशा टाकीतून मधल्या काळात कुजक्या अंड्यासारखा वास आला होता का, हे आठवून पाहावे. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि नत्राच्या कमतरतेचा तो बहुतेक वेळा पहिला इशारा असतो.

तिसऱ्या प्रकारात उतार सरळ खाली येत असतो आणि अचानक तुटतो: १४, ९, ५ आणि मग ४.८, ४.८, ४.८. येथे यीस्टला धक्का बसला आहे, आणि आपल्या भागात तो धक्का जवळजवळ नेहमीच तापमानाचा असतो.

उष्णतेचा प्रश्न आपल्याकडे वेगळा का आहे

आंबवणीवरची बहुतेक हस्तपुस्तके युरोप किंवा कॅलिफोर्नियातील हंगाम गृहीत धरून लिहिलेली आहेत. युरोपात काढणी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये होते. आंबवण पुढे सरकते तसतसे बाहेरचे हवामान थंड होत जाते, आणि तेथील वाइन बनवणाऱ्याला शेवटच्या टप्प्यात तळघर फार गार पडेल याची चिंता असते. नाशिकमध्ये एप्रिलची खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी या चक्रामुळे काढणी जानेवारी ते मार्चमध्ये येते. जानेवारीच्या रात्री निफाडला पारा कधी कधी पाच अंशांच्या आसपास किंवा त्याखाली जातो, तर मार्चअखेरीच्या दुपारी तो पस्तीस ओलांडतो. म्हणजे आपला हंगाम थंडीत सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. त्यामुळे एकाच वाइनरीत जानेवारीतील पांढरी शेनिन ब्लाँ थंडीने अडकू शकते आणि मार्चमधील शिराझ उष्णतेने. दोन्ही टाक्यांना एकच उपाय करणे चुकीचे ठरते. पुस्तकातील कारणांचा क्रम जसाच्या तसा उचलण्याऐवजी टाकी कोणत्या पंधरवड्यात भरली होती हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

आंबवण स्वतःच उष्णता निर्माण करते. एक ब्रिक्स साखर आंबली की रसाचे तापमान सुमारे १.३ अंशांनी वाढते. २४ ब्रिक्सच्या रसातील उष्णता बाहेर गेलीच नाही असे मानले, तर तापमान तीस अंशांनी चढेल. भर दुपारी तोडलेला माल २८ अंशांनी क्रशरमध्ये आला, आणि त्याच संध्याकाळी वीज दोन तास गेल्यामुळे चिलर बंद राहिला, तर टाकी ३५ अंशांपलीकडे जायला वेळ लागत नाही. त्या तापमानाला, आणि त्यातही अल्कोहोल आठ-दहा टक्के झालेले असताना, यीस्टचे पेशीपटल गळू लागते आणि उरलेली फौज मरते. दुसऱ्या दिवशी टाकी पुन्हा २६ अंशांवर आणली तरी मेलेले यीस्ट परत येत नाही.

यातील सर्वांत फसवी बाब म्हणजे टाकीवरचा तापमानदर्शक. त्याचा सेन्सर बहुधा टाकीच्या खालच्या तृतीयांशात असतो आणि तेथील द्रव तुलनेने गार असतो. सालींचा थर मात्र वर तरंगत असतो, यीस्टचे सर्वाधिक काम त्या थरात चालते आणि उष्णताही तेथेच कोंडते. लांब दांड्याचा तापमापक वरून सालींच्या थरात वीतभर खोल खुपसून पाहावा. खालचा दर्शक २९ दाखवत असताना थरात ३६ किंवा ३७ निघणे मुळीच दुर्मीळ नाही. पंप-ओव्हर, म्हणजे तळाचा रस पंपाने वर सालींवर सोडणे, सुरू करून पाच मिनिटांनी पुन्हा मोजले की दोन्ही आकडे जवळ येतात, आणि खरे तापमान किती होते ते तेव्हा कळते. म्हणून लाल वाइनच्या टाकीची नोंद पंप-ओव्हरनंतरची असावी, आणि जोमाच्या दोन-तीन दिवसांत रात्रीचा पंप-ओव्हर कोणत्याही सबबीवर चुकवू नये. सुरुवातीच्या अर्ध्या टप्प्यात २८ ते ३० अंश चालतात. ब्रिक्स आठच्या खाली आल्यावर मात्र टाकी २२ ते २५ अंशांदरम्यान आणावी, आणि तीही सावकाश, कारण अचानक दिलेली थंडीसुद्धा यीस्टला तितकीच बाधते.

पांढऱ्या वाइनमध्ये बहुधा हीच अचानक थंडी नडते. १४ अंशांवर चालणारी टाकी चिलरची सेटिंग चुकल्याने किंवा उघड्या शेडमधील रात्रीच्या गारठ्याने ९-१० अंशांवर गेली की यीस्ट मरत नाही, पण तळाशी बसते. येथे सुदैवाने उपाय सोपा असतो. टाकी दिवसाला दोन-तीन अंशांनी १८ पर्यंत चढवावी, तळाचे यीस्ट हलक्या हाताने पुन्हा वर आणावे आणि दोन दिवस वाट पाहावी. थंडीने अडकलेल्या टाक्या वेळीच पकडल्या तर पुष्कळदा एवढ्यावर चालू होतात.

नत्र: कमी आहे हे मोजल्याशिवाय कळत नाही

यीस्टला वापरता येणारा नत्र लिटरमागे किमान १४० ते १५० मिलिग्रॅम लागतो, आणि २४ ब्रिक्सच्या वर साखर असेल तर २०० ते २५० मिलिग्रॅमचे लक्ष्य ठेवणे शहाणपणाचे असते. आपल्याकडे द्राक्षमण्यांत पाणी उतरल्यानंतर बागायतदाराचा भर पालाशावर असतो. त्याने गोडी आणि फुगवण साधते; परंतु रसात पोटॅशियम वाढून पीएच चढतो आणि नत्र मात्र कमी राहू शकतो. त्यामुळे रस दिसायला उत्तम, साखर भरपूर, तरीही यीस्टसाठी उपाशी, अशी स्थिती येते.

नत्र मोजण्यासाठी फॉर्मॉल अनुमापन लहान प्रयोगशाळेतही जमते. गाळलेल्या १० मिलिलिटर रसाचा पीएच सोडियम हायड्रॉक्साइडने ८.२ वर आणावा, त्याच पीएचवर आणून ठेवलेले फॉर्मॅल्डिहाइड त्यात घालावे, आणि खाली आलेला पीएच ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडने पुन्हा ८.२ पर्यंत न्यावा. या दुसऱ्या टप्प्यात लागलेल्या प्रत्येक मिलिलिटरला १४० ने गुणले की लिटरमागील नत्र मिलिग्रॅममध्ये मिळतो. फॉर्मॅल्डिहाइड विषारी असल्याने हातमोजे घालून, खेळत्या हवेत हे काम करावे आणि त्याची भांडी वेगळी ठेवावीत.

१०० लिटरमागे १० ग्रॅम डीएपी दिले तर लिटरमागे सुमारे २१ मिलिग्रॅम नत्र मिळतो. मोजणीत १५० आले आणि २३५ हवे असतील, तर १०० लिटरला ४० ग्रॅम डीएपी असा हिशेब निघतो. तरी सगळी तूट डीएपीने भरू नये. निम्मी तूट यीस्टपासून बनवलेल्या सेंद्रिय पोषकाने भरल्यास यीस्टला अमिनो आम्ले आणि जीवनसत्त्वेही मिळतात, आणि सगळा नत्र एकदम खाऊन टाकी बेफाम तापण्याचा धोका टळतो. पहिला हप्ता आंबवण स्पष्टपणे सुरू झाल्यावर आणि दुसरा एक तृतीयांश साखर उतरल्यावर द्यावा. अल्कोहोल दहा टक्क्यांच्या आसपास गेल्यावर यीस्ट नत्र आत घेऊ शकत नाही. तेव्हा टाकलेले डीएपी वाइनमध्ये तसेच राहते आणि नको असलेल्या जिवाणूंना खाद्य पुरवते. अडकलेल्या टाकीत डीएपी टाकणे निरुपयोगी का असते, त्याचे उत्तर हेच आहे.

पहिल्या दोन दिवसांत यीस्टला थोडा प्राणवायूही लागतो, कारण अल्कोहोल सोसणारे पेशीपटल बांधण्यासाठी आवश्यक असलेली स्टेरॉले आणि असंपृक्त मेदाम्ले त्याला प्राणवायूशिवाय बनवता येत नाहीत. लाल वाइनचा एखादा पंप-ओव्हर उघड्या टबातून, जाळीवरून रस पडेल अशा रीतीने केला की ही गरज भागते. बंद टाकीतील स्वच्छ पांढऱ्या रसाच्या बाबतीत हे मुद्दाम लक्षात ठेवावे लागते.

इतर कारणे, थोडक्यात

केएमएसच्या वजनाच्या सुमारे ५७ टक्के सल्फर डायऑक्साइड मिळतो. तेव्हा क्रशरवर अंदाजाने चमचे टाकणे बंद करावे आणि वजन करूनच द्यावे. डाऊनी (केवडा) रोगासाठी मारलेल्या बोर्डो मिश्रणातील तांबे आणि भुरीसाठी वापरलेले गंधक काढणीच्या फार जवळ फवारले गेले असेल, तर पहिल्याने यीस्ट दबते आणि दुसऱ्याने हायड्रोजन सल्फाइडचा वास येतो. मार्चअखेरीपर्यंत वेलीवर ठेवलेल्या, मणी सुकू लागलेल्या मालात साखर २६ ब्रिक्सच्या पुढे जाते आणि त्यात फ्रुक्टोजचे प्रमाणही जास्त असते. यीस्ट ग्लुकोज आधी खाते, त्यामुळे शेवटी उरलेली साखर बहुतांशी फ्रुक्टोज असते आणि तीच संपवणे यीस्टला सर्वांत अवघड जाते.

अडकलेली टाकी पुन्हा चालू करणे

येथे घाई करू नये आणि एकही पायरी गाळू नये. कोरडे यीस्ट थेट बारा टक्के अल्कोहोलमध्ये टाकणे म्हणजे ते फुकट घालवणे आहे. त्याला त्या वातावरणाची सवय टप्प्याटप्प्याने लावावी लागते.

उदाहरणादाखल १००० लिटर लाल वाइन धरू. ती सालींवर असेल तर दाबून काढावी, तळाच्या मृत गाळावरून उपसून स्वच्छ टाकीत घ्यावी आणि टाकी काठोकाठ भरावी. तेवढी वाइन नसेल तर वरच्या रिकाम्या जागेत कार्बन डायऑक्साइड किंवा नायट्रोजन भरावा. रिकाम्या झालेल्या टाकीत साफसफाईसाठी लगेच कोणालाही उतरू देऊ नये. तळाशी साचलेला कार्बन डायऑक्साइड दिसत नाही आणि क्षणात जीव घेतो. पंखा लावून, बाहेर दुसरा माणूस उभा करूनच काम करावे.

त्यानंतर वाष्पशील आम्ल (मुख्यतः व्हिनेगरचे ॲसिटिक आम्ल) आणि मुक्त सल्फर डायऑक्साइड तपासावे. वाष्पशील आम्ल चढू लागले असेल तर लॅक्टिक जिवाणूंना रोखण्यासाठी लायसोझाइम वापरता येते. ते अंड्याच्या पांढऱ्यापासून मिळत असल्याने वापरण्याचा निर्णय लेबलवरील माहिती लक्षात घेऊन करावा. सल्फर डायऑक्साइडही जिवाणू रोखतो, पण नव्या यीस्टलाही तो जड जातो, म्हणून हात आखडता ठेवावा. मग २५० ग्रॅम यीस्टची टरफले घालून, ढवळून, एक-दोन दिवस वाइन निवळू द्यावी आणि गाळावरून पुन्हा उपसावी. मरणाऱ्या यीस्टने सोडलेली, नव्या यीस्टला मारक ठरणारी मेदाम्ले ही टरफले शोषून घेतात. ही पायरी पुष्कळ जण वगळतात, आणि दुसरा प्रयत्नही फसण्याचे ते एक मोठे कारण असते.

आता विरजण. अल्कोहोल सोसणारा आणि फ्रुक्टोज संपवू शकणारा वाण निवडावा. ईसी-१११८ किंवा युव्हाफर्म ४३ हे यासाठी वापरले जाणारे वाण आहेत. ३०० ग्रॅम यीस्ट, त्याच्या सव्वापट भिजवण-पोषक मिसळलेल्या सुमारे ४० अंशांच्या सात-आठ लिटर स्वच्छ, क्लोरीनमुक्त पाण्यात पंधरा-वीस मिनिटे भिजू द्यावे. दुसऱ्या भांड्यात २५ लिटर अडकलेली वाइन, १० लिटर पाणी आणि मिश्रण ५ ब्रिक्सच्या आसपास येईल इतकी साखर घ्यावी, आणि त्यात थोडे सेंद्रिय पोषक घालावे. भिजलेल्या यीस्टमध्ये हे मिश्रण थोडे थोडे ओतून दोहोंतील तापमानाचा फरक दहा अंशांच्या आत आणावा आणि मगच ते एकत्र करावे. हे विरजण २५ अंशांवर ठेवावे.

काही तासांत फेस दिसू लागेल, परंतु फेसावर न जाता वाचनावर जावे. साखर निम्म्यावर आली की विरजणाच्या आकारमानाइतकी, म्हणजे सुमारे ४० लिटर, अडकलेली वाइन २० ते २२ अंशांवर आणून त्यात घालावी. पुन्हा साखर निम्मी झाली की पुन्हा तितकीच भर घालून दुप्पट करावे. साखर पूर्ण संपू देऊ नये, कारण संपली तर यीस्ट झोपी जाते. आणि निम्मी होण्याआधी पुढची भर घालू नये, कारण सवय होण्याआधी अल्कोहोल वाढते. असे करत एक तृतीयांश वाइन विरजणात आली की उरलेली दोन हप्त्यांत घालता येते. संपूर्ण काम आठवडाभर किंवा अधिक चालते, आणि त्या काळात रात्रीही तापमान २० च्या खाली जाऊ न देणे एवढी एकच मेहनत सतत करावी लागते.

वाइन कोरडी होईपर्यंत मॅलोलॅक्टिक जिवाणू (मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्ल करणारे) मुळीच सोडू नयेत. साखर शिल्लक असताना ते मॅलिक आम्लाबरोबर साखरही वापरतात आणि ॲसिटिक आम्ल तयार करतात. साखर २ ग्रॅमच्या खाली गेल्याची चाचणी हाती आल्यावरच पुढचा निर्णय घ्यावा.

पुढच्या हंगामासाठी

माल पहाटे तोडून सकाळी नऊच्या आत क्रशरवर आणण्याची अट बागायतदाराशी करारातच लिहावी आणि काढणीपूर्वीच्या शेवटच्या फवारण्यांची नोंद मालासोबत मागावी. रस काढल्यावर ब्रिक्स, पीएच, आम्लता आणि नत्र या चार मोजण्या यीस्ट टाकण्याआधी झाल्याच पाहिजेत. पीएच ३.८ च्या आसपास असेल तर टार्टरिक आम्लाने तो आधी खाली आणावा. लिटरमागे १ ग्रॅम आम्लाने तो ढोबळमानाने ०.१ उतरतो, पण पोटॅशियम जास्त असलेल्या रसात त्याहून कमी, म्हणून लहान नमुन्यावर आधी करून पाहावे. उच्च पीएचमध्ये सल्फर डायऑक्साइडचे काम किती पटींनी घटते ते आकड्यांतून स्पष्ट होते: पांढऱ्या वाइनसाठी जे संरक्षण ३.४ पीएचला लिटरमागे ३२ मिलिग्रॅम मुक्त सल्फर डायऑक्साइडमध्ये मिळते, त्याला ३.८ पीएचला जवळपास ८० मिलिग्रॅम लागतात. आणि जनित्राची क्षमता मर्यादित असेल तर वीज गेल्यावर पहिला भार चिलर आणि पंप-ओव्हरच्या पंपाला द्यावा. लेबलिंगचे यंत्र आणि कार्यालय यांचा क्रम त्यानंतर लावावा.